तुम्ही स्क्रोल करता, तेव्हा डेटाबेसमधून ओळी बाहेर येतात कशा?

घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. पाच-सहा वर्षांची 'शुभ सकाळ', लग्नाचे फोटो, रुसवेफुगवे, सगळं त्यात साठलेलं असतं. तरीही चॅट क्षणात उघडतं. वर सरकवत गेलात की जुने मेसेज थोडे थोडे येत राहतात.

अँड्रॉइडवर हे मेसेज तुमच्या फोनमध्येच, एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली बनवलेला हा छोटेखानी डेटाबेस आज अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींमध्ये असतो. डेटाबेस म्हणजे रकाने आखलेली मोठी वही. 'या ग्रुपचे मेसेज दे' असं तिला एसक्यूएल भाषेत विचारायचं, याला म्हणतात क्वेरी. क्वेरी लिहायला लोक दोन दिवसांत शिकतात. घोळ होतो तो उत्तर हातात घेताना.

कर्सर म्हणजे ओळीवरचं बोट

क्वेरी चालवली म्हणजे प्रोग्रामला लगेच सगळे मेसेज मिळाले, असं नसतं. त्याला मिळतो कर्सर. पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ ती ही नव्हे. जुन्या कचेरीत कारकून जाडजूड रजिस्टरमध्ये एका ओळीवर बोट ठेवून वाचतो आणि 'पुढचं' म्हटलं की बोट खाली सरकवतो, ते बोट म्हणजे कर्सर.

पायथनमध्ये या बोटाला तीन प्रकारे हुकूम देता येतो. 'फेचवन' म्हटलं की एक ओळ मिळते, 'फेचमेनी' म्हटलं की सांगाल तितक्या आणि 'फेचऑल' म्हटलं की उरलेल्या सगळ्या. एसक्यूलाइट तर बऱ्याचदा पुढची ओळ मागितल्यावरच ती शोधायला निघतो. हे बोट सहसा मागे येत नाही. एकदा सगळ्या ओळी वाचून झाल्या आणि त्याच कर्सरवर पुन्हा 'फेचऑल' म्हटलं, तर रिकामी यादी मिळते. नवशिक्यांची पहिली रात्र बहुधा यातच जाते.

'सगळंच दे' म्हटलं तर काय बिघडतं?

चाचणी घेताना बिघडत काहीच नाही. तेव्हा वहीत २० ओळी असतात. पण हीच वही वाढत २ लाख ओळींवर गेली आणि प्रत्येक ओळ साधारण १ केबीची असली, तर एका हुकमात सुमारे २०० एमबी मजकूर मेमरीत येतो. पीएचपी भाषेत एका प्रोग्रामला मेमरीची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. ती ओलांडली की प्रोग्राम मध्येच बंद पडतो. कोड मात्र कुणीही बदललेला नसतो, त्यामुळे 'कालपर्यंत तर चालत होतं' हे वाक्य खरंच असतं.

पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीत आणखी एक मेख आहे. तुम्ही एकेक ओळ मागत असलात, तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये पूर्ण उत्तर आधीच प्रोग्रामच्या मेमरीत आणून ठेवलेलं असतं. हे साठवणं बंद करता येतं, पण मग सगळ्या ओळी वाचून होईपर्यंत त्याच जोडणीवर दुसरी क्वेरी चालत नाही.

फोनवर जागा याहून तोकडी. अँड्रॉइडमध्ये ओळी ज्या खिडकीतून ॲपपर्यंत येतात, ती साधारण २ एमबीची असते. एकाच ओळीत मोठा फोटो कोंबला तर ती ओळ खिडकीतून बाहेरच येत नाही आणि ॲप कोसळू शकतं. म्हणून फोटो वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि वहीत फक्त त्याचा पत्ता लिहितात.

मग २०-२० ओळी मागायच्या?

हो, पण कशा, यावर बरंच अवलंबून आहे. 'पहिल्या ९,९८० सोडून पुढच्या २० दे' असं सांगितलं, तर डेटाबेसला त्या ९,९८० ओळींवरून चालत जावंच लागतं. तेवढ्यात कुणी नवी पोस्ट टाकली तर सगळ्या ओळी एकाने खाली सरकतात आणि आधी पाहिलेली पोस्ट पुढच्या पानावर पुन्हा भेटते. त्यापेक्षा 'शेवटी पाहिलेल्या पोस्टच्या आधीच्या २० दे' हे सांगणं बरं. त्या रकान्यावर इंडेक्स असेल तर डेटाबेस थेट खुणेपाशी पोहोचतो. फेसबुकच्या ग्राफ एपीआयमध्ये 'आफ्टर' आणि 'बिफोर' अशा खुणा याचसाठी आहेत. मात्र क्वेरीत क्रम सांगायला हवा. तो न सांगितल्यास ओळी कुठल्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही.

ओळ नाही, की ओळीत काही नाही?

समजा, परीक्षेच्या निकालाचं पान आहे. विद्यार्थिनीने बैठक क्रमांक टाकला. त्या क्रमांकाची ओळच नसेल, तर पायथनचं 'फेचवन' 'नन' परत देतं, म्हणजे काहीच नाही. ओळ आहे पण गुण अजून भरलेले नाहीत, तर ओळ येते आणि तिच्या आत 'नन' असतं. तिसरी शक्यता, तिला खरोखरच ० गुण आहेत.

या तीन अगदी वेगळ्या बातम्या आहेत, आणि निष्काळजी कोड त्यांची सरमिसळ करतो. पीएचपीमध्ये रिकाम्या नोंदीचं पूर्णांकात रूपांतर केलं की ० मिळतो. म्हणजे गुण भरायचे राहिलेली मुलगी पडद्यावर शून्य पाहते. उलटही होतं. ओळ संपल्यावर पीएचपीचं 'फेचकॉलम' 'फॉल्स' देतं, आणि दोन बरोबर-चिन्हांच्या सैल तुलनेत ० आणि 'फॉल्स' सारखेच ठरतात. मग शून्य मिळालेल्याला 'बैठक क्रमांक सापडला नाही' असं उत्तर येतं. तीन बरोबर-चिन्हांच्या कडक तुलनेत ही गल्लत होत नाही. त्यामुळे जाणते प्रोग्रामर आधी अख्खी ओळ मागतात, ती आली का हे पाहतात, मग रकाना भरलेला आहे का हे तपासतात आणि त्यानंतरच आकडा पडद्यावर जाऊ देतात.