कारची बॅटरी स्वतः बदला: आधी काळी, मग लाल

सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतंय? मग बॅटरी बदलायची वेळ आलेली असू शकते. हे काम मी घरीच करतो. बहुतेक वेळा १० नंबरचा पाना पुरतो.

क्रम मात्र पाळाच. इग्निशन बंद, चावी खिशात. आधी काळी (–) वायर काढा, मग लाल (+). गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. लाल आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट सर्किट! नवी बसवताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला साधी बॅटरी नको, ईएफबी किंवा एजीएमच घ्या.

आता पुढचं काम. घड्याळ, रेडिओ, पॉवर विंडोचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागू शकतं. आयडलिंग थोडं वरखाली झालं, तर काही किलोमीटर चालवल्यावर सहसा सुधारतं. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावा: साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खालीच राहिले, तर अल्टरनेटर तपासून घ्या, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

जुन्या बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं. ती कचऱ्यात टाकू नका. दुकानदाराला परत द्या, किमतीत सूटही मिळते.