अलार्म वाजला की येणार कोण?

गणपतीत किंवा उन्हाळ्याच्या सुटीत बडोद्यातली आपली बरीच घरे आठ-दहा दिवस कुलूपबंद असतात. अशा फ्लॅटसाठी चोरीचा अलार्म घेताना आधी एक प्रश्न विचारावा : तो वाजला की येणार कोण?

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला तीन वस्तू पुरतात. पहिली, मुख्य दाराचा चुंबकीय सेन्सर. चुंबक दारावर, स्विच चौकटीवर. दार उघडताच दोन्ही दुरावतात आणि सायरन सुरू होतो. लोखंडी दार असेल तर धातूवर चालणारा सेन्सर मागून घ्या. दुसरी, हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. तो हॉलच्या कोपऱ्यात, साधारण ७ फुटांवर लावावा. तो हलती उष्णता ओळखतो, म्हणून त्याचे तोंड उन्हाच्या खिडकीकडे नको. तिसरी, बॅटरीवरही चालणारा सायरन.

वीज गेली की घरातले वाय-फायही बंद पडते. म्हणून सिमकार्डवरून फोन लावणारे यंत्र निवडा आणि रिचार्ज संपू देऊ नका. त्यात पहिला नंबर शेजाऱ्यांचा घाला, दुसरा सोसायटीच्या वॉचमनचा, मग आपला. रत्नागिरीत बसून आपण दारापर्यंत पोचणार नाही. समोरचे काका पोचतील. गावी निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर अलार्म एकदा वाजवा आणि बंद कसा करायचा तेही दाखवा.