रुक्मिणीचा निरोप आणि आकाशातला उपग्रह

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारलं, "सर, नगरमध्ये रणगाडे दिसतात, जवान दिसतात. पण सैन्याचा उपग्रह म्हणतात तो नेमका असतो कुठे?" आज त्याचंच उत्तर पाहू.

आपल्या भुईकोट किल्ल्यापाशी उभे राहा आणि तोंड दक्षिणेला करा. क्षितिजापासून सुमारे 67 अंश वर नजर न्या. भारतीय नौदलासाठीच्या जीसॅट-7 या पहिल्या उपग्रहाला, म्हणजे 'रुक्मिणी'ला, जागा मिळाली ती साधारण तिथे. 74 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटर उंचीवर. आपलं नगरही जवळपास त्याच रेखांशावर आहे, म्हणून तो आपल्याला अगदी दक्षिणेला. डोळ्यांना अर्थातच दिसणार नाही.

इतक्या लांब कशासाठी? उपग्रह जितका दूर, तितका त्याचा फेरा लांबतो. या उंचीवर एक फेरा पृथ्वीच्या एका परिवलनाइतकाच वेळ घेतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो, आणि अँटेना सतत फिरवत बसावी लागत नाही. किंमत एवढीच, की निरोप वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो.

आता गरज पाहू. दूरसंपर्काच्या बहुतेक रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी तर गोल! जहाज क्षितिजापलीकडे गेलं की किनाऱ्याशी थेट बोलणं तुटतं. मग कुणीतरी उंचावरून निरोप झेलून पुढे द्यावा लागतो. उपग्रह एवढंच करतो. क्षीण झालेली लहर घेतो, वारंवारिता बदलतो, बळ देतो आणि खाली सोडतो.

रुक्मिणीची कथा आपण जाणतोच. विदर्भातल्या कौंडिण्यपूरहून तिने द्वारकेला निरोप धाडला, तो विश्वासू ब्राह्मणाच्या हाती. तोच निरोप भाऊ रुक्मीच्या माणसाकडे दिला असता तर? शब्द तेच राहिले असते, पण पोचले असते का? 2013 पूर्वी आपल्या नौदलाला समुद्रातल्या संपर्कासाठी इनमारसॅटसारख्या परदेशी सेवेवर विसंबावं लागे. ऐन वेळी निरोप्या दुसऱ्याचा असेल, तर स्वातंत्र्य अपुरं राहतं.

आणि तरीही, 30 ऑगस्ट 2013 रोजी सुमारे 2650 किलोची ही रुक्मिणी निघाली ती फ्रेंच गयानातल्या कौरूहून, युरोपच्या एरियन-5 रॉकेटवर. आपल्या जीएसएलव्हीची 2010 मधली दोन्ही उड्डाणं फसली होती. उपग्रह आपला होता, पण वाहन परक्याचं! रॉकेटने तिला लांबट कक्षेत सोडलं. तिथून पुढे उपग्रहावरच्या इंजिनाने टप्प्याटप्प्याने ती कक्षा वर्तुळाकार केली.

पुढची वाट पाहा. 19 डिसेंबर 2018 रोजी हवाई दलाच्या उपयोगाचा 2250 किलोचा जीसॅट-7ए श्रीहरिकोटाहून आपल्याच जीएसएलव्हीने गेला. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नौदलासाठीचा सुमारे 4410 किलोचा सीएमएस-03 आपल्याच एलव्हीएम-3 ने नेला. भूदलासाठी जीसॅट-7बीचा 2963 कोटींचा करार मार्च 2023 मध्ये झाला. टेकड्यांआड धावणाऱ्या रणगाड्यांच्या तुकडीला तिच्या मुख्यालयाशी जोडून ठेवणं, हे अशा उपग्रहाचं काम. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ज्या नगरात आहे, तिथल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

तत्त्वज्ञानाचा जुना शिक्षक म्हणून शेवटी एक सांगतो. निरोप्या आपला झाला, म्हणून निरोप शहाणा होतो असं नाही. उपग्रह पाव सेकंदात आज्ञा पोचवतो. ती द्यावी की नाही, हे ठरवायला मात्र तो कुणाला पाव सेकंदही उसना देत नाही. तो विचार खालीच, जमिनीवर, आपल्यालाच करायचा आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.