जमिनीवर नांगरलेली जहाजं

मुंबईच्या फोर्ट भागात 'आयएनएस आंग्रे' आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव, पुढे जहाजांना लागणारं 'आयएनएस', तरी तिने आजवर कधी नांगर उचललेला नाही, कारण ती जमिनीवरची आस्थापना आहे. किनाऱ्यावरच्या आस्थापनेलाही जहाज म्हणण्याचा, इंग्रजी आरमाराकडून आलेला हा रिवाज आपण तसाच ठेवला. नौदलाचे विमानतळही याच न्यायाने जहाजं ठरतात: कोचीचा 'गरुड', गोव्याचा 'हंसा', विशाखापट्टणमचा 'डेगा', तामिळनाडूत अरक्कोणमचा 'राजाली', कुलाब्याचा हेलिकॉप्टर तळ 'शिक्रा'. नौदलाची विमानं म्हटली की डोळ्यांपुढे विमानवाहू नौका येते. वर्तमानपत्रांतली छायाचित्रंही तिचीच. पण नौदलाच्या या हवाई शाखेची घडी नीट पाहिली तर नौका हा विमानांचा मुक्काम आहे आणि घर किनाऱ्यावर आहे, असं दिसतं.

घर म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे. विमानं, वैमानिक आणि ती विमानं उडती ठेवणारे तंत्रज्ञ मिळून स्क्वॉड्रन होते, आणि प्रत्येक स्क्वॉड्रनचा मूळ तळ ठरलेला असतो. तीनशेच्या मालिकेतले क्रमांक लढाऊ, टेहळणीच्या आणि पाणबुडीविरोधी कामाच्या तुकड्यांचे, तर साडेपाचशेच्या पुढचे मुख्यतः प्रशिक्षणाचे. युद्धनौकेवर एखाददुसरं चेतक हेलिकॉप्टर जातं तेव्हा त्याच्यासोबत मोजके वैमानिक आणि तंत्रज्ञ जातात. या छोट्या तुकडीला 'फ्लाइट' म्हणतात. सफरीपुरते ते जहाजाच्या कप्तानाच्या हुकमतीत असतात आणि जहाज बंदराला लागलं की आपल्या स्क्वॉड्रनकडे परततात. सासरी-माहेरी अशी ही ये-जा आहे, आणि मोठी दुरुस्ती, परीक्षा, नव्या पोरांची तयारी हे सगळं माहेरीच होतं.

क्रमांकांचा इतिहास पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. 300 क्रमांकाची स्क्वॉड्रन 1960 साली वेल्समधल्या ब्रॉडी तळावर सी हॉक विमानांनिशी उभी राहिली, आणि तिची विमानवाहू नौका 'विक्रांत' नौदलात दाखल झाली ती त्यानंतर, मार्च 1961 मध्ये. 1965 च्या युद्धात 'विक्रांत' दुरुस्तीसाठी गोदीत होती, तेव्हा सी हॉक जामनगरला ठेवली गेली. 1971 च्या युद्धात हीच विमानं 'विक्रांत'वरून कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली. पुढे सी हॉक गेली, सी हॅरियर आली. 1997 मध्ये 'विक्रांत' निवृत्त झाली, 2016 मध्ये सी हॅरियरही, आणि 300 क्रमांक मिग-29के विमानांवर गेला. विमान बदललं, जहाज बदललं, तरी क्रमांक तोच राहिला. तळसुद्धा स्थिर नव्हता. 'हंसा'चा जन्म 1961 मध्ये समुद्रापासून दूर, कोइम्बतूरजवळ सुलूरला झाला. गोवा मुक्त झाल्यावर, 1964 मध्ये तो दाबोळीला आला आणि तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने समुद्रकाठी विसावला.

क्रमांक जपणं ही निव्वळ भावुकता आहे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. क्रमांक टिकला म्हणून कसब टिकत नाही. सी हॉक आणि अलिझे विमानं डेकवरच्या तारेत आकडा अडकवून थांबत. सी हॅरियर उभ्याने उतरत असल्याने तिला तारेची गरजच नव्हती. 1987 च्या सुमारास अलिझे नौकेवरून उतरली आणि तारेवर उतरण्याची विद्या आपल्याकडून जवळजवळ पाव शतक गेली. मिग येणार म्हटल्यावर वैमानिक अमेरिकेच्या नौदलाकडे शिकायला धाडावे लागले. बिरुदावली वाचून ही विद्या परत येत नाही, हे मान्यच आहे. पण हाच दाखला माझं म्हणणं पक्कं करतो, कारण ती परत रुजली ती किनाऱ्यावर. दाबोळीला जहाजाच्या डेकची नक्कल बांधली आहे: टोकाला वर उचललेला उतार, म्हणजे 'स्की-जंप', आणि पलीकडे आडव्या ताणलेल्या पोलादी तारा. इथे वैमानिकाला सगळ्यात आधी एक उलटी सवय लावावी लागते. चाकं टेकली की साधा वैमानिक इंजिन मंदावतो. हा मात्र त्याच क्षणी पूर्ण जोर लावतो, कारण आकडा तारेला चुकला तर पुढे पाणी आहे आणि पुन्हा उडावंच लागणार. समुद्रात ही सवय लावण्याचा प्रयोग कुणी करू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा: हवाई दल असताना नौदलाने स्वतःचे वेगळे तळ का पोसायचे? लांब पल्ल्याची सागरी टेहळणी पूर्वी हवाई दलाकडेच होती. 1976 मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन विमानं नौदलाकडे आली आणि 312 क्रमांकाची स्क्वॉड्रन उभी राहिली. पुढे तिच्याकडे तू-142 आली आणि आता पी-8आय आहेत. पाणबुडी शोधायला विमानातल्या माणसाला जहाजातल्या माणसाची भाषा कळावी लागते, आणि ती एका वर्दीत लवकर कळते. दाबोळीच्या जागेबद्दलची तक्रार मात्र मला अधिक रास्त वाटते. सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखल्याने नागरी विमानांना वर्षानुवर्षं दुपारची वाट पाहावी लागली. 2023 पासून गोव्यातच मोपाचा विमानतळ आल्याने हा ताण थोडा हलका झाला, पण वाद संपलेला नाही. तरीही डेकची ती नक्कल उचलून दुसरीकडे नेणं सोपं नाही.

13 सप्टेंबर 2019 रोजी तेजस या देशी लढाऊ विमानाची नौदल आवृत्ती दाबोळीच्या तारेवर पहिल्यांदा थांबली आणि जानेवारी 2020 मध्ये 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेवर. जुन्या नौकेचंच नाव घेतलेल्या नव्या 'विक्रांत'वर ती फेब्रुवारी 2023 मध्ये उतरली. विकत घ्यायच्या विमानांनाही दाबोळीच्या याच उतारावरून उडून दाखवावं लागलं: 2022 मध्ये आधी फ्रेंच राफेल-एम आणि मग अमेरिकन सुपर हॉर्नेट. एप्रिल 2025 मध्ये 26 राफेल-एम विमानांचा करार झाला.