सादळलेली दारू, गंजलेली नळी आणि कव्हर शिवणारा कारागीर
मावळच्या हवेत बंदुकीचे सामान कसे राखावे, आणि त्यात आमच्या कारागिरांना काम कोठे आहे?

पावसाळ्यात चिक्कीचा डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत चिक्की सादळते, हे लोणावळ्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. म्हणून तेथला दुकानदार माल पॉलिथीनमध्ये बंद करतो, डबा घट्ट लावतो आणि जुना माल आधी काढतो. त्याच हवेत ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, ती मंडळी मात्र हा साधा धडा विसरतात. बंदूक लोखंडाची, तिला काय होणार, असा समज असतो. तो किती महाग पडतो, हे आम्ही पवन मावळातील एका शेतकऱ्याच्या घरी पाहिले.

त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आहे. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीमुळे ती जमा झाली होती. जूनमध्ये परत मिळाली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. त्यांनी ती फोम भरलेल्या रेक्झिनच्या कव्हरात घालून घरी आणली आणि पेरणी-लावणीच्या गडबडीत तशीच खुंटीला टांगून ठेवली. भात पोटरीला आले आणि रानडुकरांनी बांध ओलांडले, तेव्हा कव्हर उघडले. नळीवर गंजाचे चट्टे पडले होते आणि टोप्यांची डबी ओली झाली होती. टोपी चढवली, घोडा पडला, पण आवाज काही झाला नाही. दुरुस्तीसाठी बंदूक पुण्याच्या परवानाधारक दुकानात गेली. ती येते न येते तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. इंद्रायणी भाताचा तो हंगाम त्यांनी पत्र्याचे डबे वाजवून काढला.

यात दोष कोणा खात्याचा नव्हता. दोष त्या कव्हराचा होता, आणि कव्हर न उघडणाऱ्या हाताचा.

तीनशे वर्षांपूर्वीची सूचना

ही अडचण नवी नाही. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या किल्ल्यांवरही दारूगोळा याच धुक्यात राखावा लागे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून वेगळा असावा, तळ पक्का करून त्यावर माच घालावा, दारू जमिनीला टेकू देऊ नये, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी सारे सामान बाहेर काढून उष्णता देऊन पुन्हा मोहरबंद करावे, असा त्यांचा आशय आहे. आजच्या मालकाने याहून वेगळे काही शिकण्याची गरज नाही. ओलीपासून दूर, जमिनीपासून वर आणि ठरलेल्या दिवशी तपासणी, एवढेच ते शास्त्र आहे.

हत्यार राखणे हा आपल्याकडे एक हुन्नर होता. शिकलगार हे नावच धातूला चकाकी देण्याच्या कामावरून, अरबीतल्या 'सैकल' शब्दावरून पडले. तलवारी गेल्या तसा तो धंदा कात्री-सुऱ्यांच्या धारेवर आला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि शिकारी पट्टे, काडतुसांच्या पिशव्या, चामड्याची म्यानेही मागे पडली. आता परवाने राहिले ते पिकाच्या राखणीचे, स्वसंरक्षणाचे, नेमबाज खेळाडूंचे आणि पहारेकऱ्यांचे. गिऱ्हाईक थोडे आहे, पण त्याची गरज खरी आहे.

ओल कोठून येते?

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलतो. जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतीही घाम धरतात. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू हवेतली ओल ओढून घेते. बार काढल्यानंतर नळीत जी काजळी राहते, तीही ओल ओढते आणि लोखंड खाते. म्हणून अशी नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी, मग तेलाचा पातळ हात फिरवावा. 'उद्या बघू' म्हणणाऱ्याची नळी उद्या तांबूस दिसते.

काडतुसांचे दुखणे वेगळे आहे. बारा बोअरची जुनी कागदी काडतुसे ओलीने फुगतात आणि नळीत अडकतात. प्लॅस्टिकची फुगत नाहीत, पण त्यांच्या पितळी बुडावर हिरवा थर चढतो. काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोचून ठेवली तर हा थर लवकर धरतो. पट्टा हा शेतावर जाण्यापुरता. घरी आल्यावर काडतुसे काढून कोरड्या डब्यात ठेवावीत.

थंडीची गंमत आणखी निराळी. आमच्याकडे पुष्कळ लोक घोड्याला आणि चापाला खोबरेल लावतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. डिसेंबरच्या पहाटे मावळात पारा त्याच्या पुष्कळ खाली असतो. मग घोडा जड पडतो आणि मालक बंदुकीला दोष देतो. हत्यारासाठी मिळणारे पातळ तेल वापरावे, तेही चिंधीने पुसून उरेल एवढेच. घट्ट ग्रीस थंडीत टाळावे. स्पर्धेसाठी उत्तरेकडे जाणाऱ्या नेमबाजांनी तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. बाहेरच्या गारठ्यातून रायफल उबदार खोलीत आणली की थंड चहाच्या पेल्यासारखे तिच्यावर दव जमते. पेटी आत आणावी, पण ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत उघडू नये. उघडल्यावर पुसून कोरडी करावी.

पेटी कशी लावावी?

आमच्या मते प्रत्येक मालकाकडे सामानाचे चार भाग हवेत. पहिल्यात सफाईचे सामान: गज, ब्रश, सुती चिंध्या, तेलाची बाटली. बाटली वेगळ्या पिशवीत, कारण घाटात ती हमखास गळते. दुसऱ्यात काडतुसे किंवा दारू व टोप्या. या वस्तू चुलीपासून दूर आणि स्वतंत्र कुलपात. टोप्या आणि दारू एका डब्यात कधीही नकोत. तिसऱ्यात कागदपत्रे: परवाना आणि खरेदीच्या पावत्या, प्लॅस्टिकच्या पाकिटात. चौथी ती बंदूक, रिकामी करून, लोखंडी कपाटात कुलूपबंद. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित साठवणुकीची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे. किल्ली पोरांच्या हाती लागणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

ओल शोषण्यासाठी तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची रीत आहे, पण तिने फारसे काम होत नाही. सिलिका जेलच्या पुड्या स्वस्त असतात. रंग बदलला की ओल भरली असे समजावे आणि गरम करून पुन्हा वापरावे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पेटी उघडायची, हा दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवावा.

प्रवासात बंदूक रिकामी आणि काडतुसे निराळ्या पेटीत असावीत. सार्वजनिक जागी बंदूक उघडी नेता येत नाही, ती म्यानात किंवा कव्हरातच हवी. परवाना जेवढ्या हद्दीचा, तेवढीच वाट. विमानाने जाणाऱ्याने आधी कळवावे. हे सामान सोबतच्या पिशवीत चालत नाही. आणि लोणावळ्यात जेवायला थांबताना बंदूक गाडीत ठेवून जाऊ नये.

कारागिरांनी काय करावे?

बाजारात मिळणारी बहुतेक कव्हरे फोमची असतात. फोम धक्का सोसतो, पण पाणी पिऊन बसतो. मावळसाठी कव्हर वेगळे हवे. बाहेरून मेणकापड किंवा ताडपत्रीचे कापड, आतून काढून धुता व वाळवता येईल असे सुती अस्तर, पूर्ण लांबीची न गंजणारी चेन, तळाशी पाणी निथळायला पितळी रिंग आणि वर नाव व परवाना क्रमांक लिहिण्याची चिठ्ठी ठेवायला खिसा. बंदूक जमा करताना या खिशाचे मोल कळते. ताडपत्री, बॅगा आणि गाड्यांची सीट शिवणाऱ्या आमच्या कारागिरांना हे काम अवघड नाही.

मात्र हद्द ओळखावी. कव्हर, पट्टा, लाकडी पेटी बनवायला शस्त्र परवाना लागत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीचा सुटा भाग बनवणे किंवा विकणे, इतकेच काय दुरुस्ती करणे, हेदेखील परवान्याचेच काम आहे. आवाज दाबणारे उपकरण तर कायद्याने बंदुकीच्याच व्याख्येत येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मिती-दुरुस्तीला किमान सात वर्षांची सजा आहे. 'जरा घोडा बघून द्या' म्हणणारे गिऱ्हाईक ओळखीचे असले, तरी त्याला परवानाधारक दुकानाचा रस्ता दाखवावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका तालुक्यातल्या परवान्यांवर संसार चालणार नाही. तेव्हा नमुना घेऊन पुण्याच्या परवानाधारक विक्रेत्यांना भेटावे, बालेवाडीच्या नेमबाजांना दाखवावा. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या खेळाचे नाव गावोगावी पोहोचले आहे. तेच कापड आणि तीच शिवण कॅमेऱ्याला, तबला-पेटीला आणि राजमाचीला जाणाऱ्यांच्या पाठपिशवीलाही चालते. माल मृगाच्या आधी तयार हवा. पाऊस पडल्यावर छत्री शिवायला बसणाऱ्याचा धंदा होत नाही.

त्या शेतकऱ्याने आता फोमचे कव्हर टाकून दिले आहे. कामशेतच्या एका शिंप्याकडून त्यांनी नवे शिवून घेतले. शिंप्याने आयुष्यात प्रथमच असे काम केले आणि चेन थोडी आखूड पडली. ती त्याने पैसे न घेता बदलून दिली. आमच्या मते धंद्याची सुरुवात तेथेच होते.