नाणेघाटाचे दुसरे टोक : नेपल्स

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नेपल्स हे बंदर ग्रीक वसाहतकारांनी वसवले. त्याच्या जुन्या भागातल्या विया सेत्तेम्ब्रिनी या रस्त्यावर 'माद्रे' हे समकालीन कलेचे संग्रहालय 2005 मध्ये सुरू झाले. दोन्नारेजिना नावाच्या जुन्या वाड्याची नवी मांडणी पोर्तुगीज वास्तुकार आल्वारो सिझा यांनी त्यासाठी केली. इथल्या अनेक दालनांसाठी कलावंतांकडून जागेवरच कलाकृती करून घेतल्या आहेत. त्यामुळे वाडा आणि कलाकृती वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यातली एक मुंबईत 1954 मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांची आहे. जमिनीत चौकोनी खाच, आत गडद रंगाची भुकटी. खोली किती याचा अंदाज नजरेला येत नाही. रंगाच्या भुकटीचे हे वेड कपूर यांना 1979 च्या भारतभेटीनंतर लागले. देवळांबाहेर कुंकू-गुलालाच्या राशी पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला या कलाकृतीची ओळख करून द्यावी लागत नाही. शेजारच्या दालनांत नेपल्सचेच फ्रांचेस्को क्लेमेंते यांनी ओल्या गिलाव्यावर भिंतभर चित्रे काढली आहेत. क्लेमेंते यांचा मुक्काम अनेक वर्षे चेन्नईत असे. पिरेयस बंदरात जन्मलेले ग्रीक कलावंत यानिस कुनेलिस यांनी तर दालनात थेट जहाजाचा नांगरच आणला. बंदराच्या गावाला ते शोभते.

माद्रेपासून चालत पंधरा मिनिटांवर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. समकालीन कला पाहायला आलेल्या मराठी माणसाने तेही चुकवू नये. तिथे सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातल्या एका घरात, 1938 मध्ये अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात ती मिळाली. तिला 'लक्ष्मी' म्हणण्याची प्रथा पडली असली, तरी अंगभर दागिने आणि दोन्ही बाजूंच्या छोट्या दासी पाहता ती यक्षी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. डोक्यात भोक असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी. मूर्ती विवस्त्र, म्हणून तिची रवानगी रोमन शृंगारवस्तूंच्या 'गुप्त दालना'त झाली. तिच्यावर हा अन्यायच आहे, कारण त्या वस्तूंशी तिचे नाते नाही.

तिचे नाते मराठवाड्याशी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तिच्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. तेरची मूर्ती गावातल्याच लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणून नेपल्सची मूर्तीही दख्खनात कोरली गेली, हे मत पुढे आले. मात्र तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि ती लिपी वायव्य भारतातली. तेव्हा ती जुन्नरजवळचा नाणेघाट उतरूनच गेली, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

नाणेघाट मात्र दख्खन आणि रोम यांच्यातल्या व्यापाराची एक मुख्य वाट होता, यात शंका नाही. जुन्नरहून घाटघर, तिथून घाट उतरून वैशाखरे आणि पुढे कल्याण, असा हा मार्ग. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावे येतात. मोसमी वाऱ्यांवर गलबते तांबड्या समुद्रातल्या बेरेनिकेसारख्या बंदरांना लागत. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय सागवान आणि मिरी सापडली आहे. पुढे माल उंटांवरून नाईलकाठी, होडीतून अलेक्झांड्रियाला आणि तिथून जहाजाने पुतेओलीला जाई. पुतेओली म्हणजे आजचे पोत्सुओली, नेपल्सच्या अगदी शेजारी. जुन्नरच्या बाजारपेठेचे दुसरे टोक असे नेपल्सच्या आखातात होते.

पहिले टोक आजही उभे आहे. नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या: सिमुक, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. त्या काळापुरते हे समकालीन कलेचे दालनच म्हणायला हवे, आणि तेही ये-जा करणाऱ्या प्रत्येक व्यापारी तांड्याच्या नजरेत भरेल अशा जागी. प्रतिमा फुटून गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. वरची नावे मात्र ब्राह्मी लिपीत वाचता येतात. बाजूच्या भिंतींवरच्या लेखात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला फार मोल आहे.

त्या काळी ज्यांना यवन म्हणत ती परदेशी माणसे जुन्नरला नुसती येऊन गेली नाहीत, त्यांनी इथे दान दिले. शिवनेरीच्या लेण्यांत यवन इरिल याने पाण्याची दोन टाकी आणि यवन चिट याने भोजनमंडप दिल्याचे लेख आहेत. जुन्नरजवळच्याच मनमोडी डोंगरातल्या चैत्याचा दर्शनी भाग यवन चंद याच्या दानातला आहे. हे यवन भूमध्य समुद्राकडून आलेले की वायव्येत स्थिरावलेले, यावर एकमत नाही. तरी त्यांची नावे डोंगरात टिकली. नेपल्समधल्या मूर्तीच्या कारागिराचे नाव मात्र कुठेच नाही, आणि कपूर यांच्या कलाकृतीशेजारी नावाची पाटी वाचताना हा फरक टोचतो.

नेपल्सला निघण्यापूर्वी मनमोडी आणि नाणेघाट पाहून घ्यावेत. नेपल्समधली ही दोन्ही संग्रहालये मंगळवारी बंद असतात, हे बेत आखताना ध्यानात असू द्यावे.