उपदंश : वर्षानुवर्षे लपून बसणारा शत्रू

काही रोगांची नावे आपल्या घरांत कुणी मोठ्याने घेत नाही. उपदंश, म्हणजे आपल्या वाडवडिलांची 'गरमी', हा त्यांपैकीच एक. पण लाजेने रोग बरा होत नाही. लपवल्याने तो वाढतो.

या रोगाचे कोडे मुख्यतः जर्मनीत सुटले. १९०५ साली बर्लिनच्या शारिटे इस्पितळात फ्रिट्झ शाउडिन व एरिख हॉफमान यांना मळसूत्रासारखा पिळदार जंतू दिसला. १९०६ साली आउगुस्ट वासरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तपरीक्षा शोधली. फ्रांकफुर्टला पाउल एरलिख यांच्या प्रयोगशाळेत जपानी डॉक्टर साहाचिरो हाता यांनी ६०६ क्रमांकाचे औषध गुणकारी ठरवले. १९१० साली ते 'साल्व्हर्सान' नावाने विक्रीस आले.

हा रोग फसवा आहे. आधी एक न दुखणारा व्रण होतो आणि आपोआप भरतो. पुढे अंगावर, कधी तळहातांवर व तळपायांवरही पुरळ उठते, तेही जाते. माणूस समजतो, सुटलो! जंतू मात्र शरीरातच राहतो. उपचार न झालेल्या रोग्यांपैकी सुमारे तिघांत एकाला १० ते ३० वर्षांनी तो पुन्हा गाठतो.

तेव्हा त्वचा, हाडे, यकृत यांत रबरासारख्या गाठी येतात व फुटून जखमा होतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची भिंत कमजोर होऊन ती फुग्यासारखी फुगते. झडप गळू लागते. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू बिघडला, तर पायांत विजेसारख्या कळा येतात, पाय कुठे पडतो ते कळत नाही आणि डोळे मिटले की तोल जातो. ही तोलाची परीक्षा बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बेर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. मेंदूला बाधा झाली, तर स्मृती जाते, स्वभाव पालटतो, भ्रम होतात आणि शेवटी अर्धांग येते. मेंदू, डोळे व कान यांना मात्र रोगाच्या कोणत्याही अवस्थेत धोका असतो.

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शे १८८९ साली तुरिन शहरात वेडाच्या झटक्याने कोसळले. डॉक्टरांनी उपदंशाचाच मेंदूविकार ठरवला. ११ वर्षे परावलंबी जगून ते १९०० साली वायमार येथे वारले. ते निदान बरोबर होते की नाही, यावर आजही वाद आहे. त्या काळी खात्रीची रक्तपरीक्षाच नव्हती!

आज ती आहे. १९४३ पासून पेनिसिलीनही आहे. रोग नवा असेल तर बहुधा एकच इंजेक्शन पुरते. जुना असेल तर आठवड्याला एक, अशी तीन. मेंदूपर्यंत पोचला असेल तर १० ते १४ दिवस शिरेतून औषध द्यावे लागते. जंतू मरतो, पण फुगलेली धमनी वा गेलेली स्मृती औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणूनच वेळेला महत्त्व.

रोग इतिहासजमा झाला असे समजू नका. खुद्द जर्मनीत २०२२ साली ८ हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. गरोदर मातेकडून तो पोटातल्या बाळालाही लागतो. म्हणून गरोदरपणी रक्ततपासणी चुकवू नये. शंका आली तर नवरा-बायको दोघांनीही तपासून घ्यावे. आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी इस्पितळात उपचार मोफत मिळतात. डॉक्टरांपुढे घटकाभर लाज सोडणे, हे जन्मभराच्या पंगुत्वापेक्षा केव्हाही बरे!